मुंग्यांची नोकरी आपण करायची: सांगलीच्या गॅलरीत हायड्नोफायटम

आमच्या घरी मुंग्या दिसल्या की आई हळदीची रेघ ओढते. सांगलीत हळदीला काय तोटा! ओट्याच्या कडेला, देवघराच्या उंबऱ्याला, साखरेच्या डब्याभोवती पिवळ्या रेघा आणि त्यांच्यापाशी येऊन गोंधळून माघारी वळणाऱ्या मुंग्या, हे मी लहानपणापासून बघत आलोय. अशा घरात मी एक दिवस 'मुंग्यांचं झाड' घेऊन आलो. "मुंग्या पोसायला झाड आणलंस?" एवढंच आई म्हणाली आणि गॅलरीच्या दारात एक जादा रेघ ओढली.

झाडाचं नाव हायड्नोफायटम फॉर्मिकेरम. पहिली दोन झाडं मी मारली. तिसरं जगलं, फुललं, फळलं आणि आता त्याच्याच बियांची अकरा रोपं गॅलरीत आहेत. या झाडाबद्दल जी माहिती मिळते ती बहुतेक थंड देशांतल्या काचघरांची. मार्चमध्येच ओठ फुटायला लावणारी कोरडी हवा, एप्रिल-मेचं चाळिशीतलं ऊन आणि बोअरचं खारट पाणी यांत ते कसं ठेवायचं हे मला झाडं मारूनच शिकावं लागलं. तुमचं एखादं तरी झाड जगावं म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी गड्डा कापून बघू

पहिलं झाड मेलं तेव्हा ते फेकण्याआधी मी विळीवर उभं कापलं. हे झाड वरून दिसायला विचित्रच. जमिनीवर बटाट्यासारखा करडा, फुगीर गड्डा आणि त्याच्या डोक्यातून निघालेल्या चार-दोन फांद्या, त्यांना समोरासमोर जाड, गुळगुळीत पानं. गड्ड्याच्या अंगाला ठिकठिकाणी भोकं. कापल्यावर आतून जे निघालं ते बघून आईही पदर सावरत वाकली. आत नुसत्या खोल्याच खोल्या! एकीतून दुसरीत जाणारे बोळ, काही भिंती घोटल्यासारख्या गुळगुळीत, तर काही खोल्यांच्या भिंतींवर बारीक बारीक फोड आलेले, गडद तपकिरी.

"हे तर हरिपूरचं पेव," आई म्हणाली. हरिपूरला जमिनीखाली हळद साठवायची पेवं होती, वरून माणूस आत उतरेल एवढंच तोंड आणि खाली ऐसपैस पोट. उपमा अगदी चपखल आहे, फक्त इथं पेव खणणारं कोणी नसतं. झाड स्वतःच आतून पोकळ होत जातं. गड्ड्याच्या आतला काही भाग झाड स्वतःच सालीसारख्या थराने वेगळा पाडतं, तो वाळून जातो आणि मागे खोली उरते. मुंग्यांनी कुरतडून ही घरं केली असावीत असाच समज पूर्वी होता. सतराव्या शतकात इंडोनेशियातल्या आंबोन बेटावर राहून तिथल्या वनस्पतींची नोंद करणाऱ्या रुम्फियसला तर ही मुंग्यांच्या वारुळातून उगवलेली झाडं वाटली होती. १८८० च्या दशकात जावातल्या बोगोरच्या बागेत मेल्खिओर ट्रूब याने मुंग्यांशिवाय रोपं वाढवली, तरी खोल्या पडल्याच. माझ्या झाडात कधी एक मुंगी शिरली नव्हती, तरी आत अख्खा वाडा तयार होता.

गुळगुळीत खोल्यांत मुंग्या अंडी-पिल्लं ठेवतात. फोडांच्या खोल्यांत कचरा टाकतात: मेलेल्या किड्यांचे तुकडे, विष्ठा, मेलेल्या मुंग्या. म्हणजे घरातच उकिरडा, आणि झाड जेवतं ते या उकिरड्यावर. तो कुजतो आणि फोडांतून त्यातलं पोषण झाड शोषून घेतं. १९७० च्या दशकात कॅमिला हक्सली आणि फ्रेड रिक्सन यांनी किरणोत्सारी खुणेचं अन्न वापरून हे पक्कं दाखवून दिलं. त्याच्या थोडं आधी, १९७४ मध्ये, डॅनियल जॅन्झनने बोर्निओ बेटावरल्या सारावाकच्या नापीक वाळूवरल्या जंगलात पाहून हेच म्हटलं होतं की झाडाला मुंग्यांकडून मिळतं ते मुख्यतः जेवण.

आपल्याकडे म्हण आहे, आयत्या बिळावर नागोबा. इथं बीळ झाडाने बांधलेलं, राहायला मुंग्या आलेल्या, पण या नागोबा भाडं भरतात.

आमच्या शेजारचे आप्पा, तासगावकडे द्राक्षबाग असलेले, झाड बघून पहिलं काय बोलले असतील? "हे बांडगूळ कशाला पाळलंय?" हा गैरसमज आधी काढायला हवा, कारण तुमच्याही घरी कोणीतरी हेच म्हणणार. आंब्यावरचं बांडगूळ आपली मुळं फांदीत घुसवून तिचा रस पितं. हायड्नोफायटम नुसतं फांदीवर बसतं, आमरीसारखं, म्हणजे ऑर्किडसारखं. मूळ सालीला धरून असतं, रस कोणाचाच पीत नाही. अशांना अपिवनस्पती म्हणतात. कुळ कॉफीचं, म्हणजे आपला कदंब, मंजिष्ठा आणि हे एकाच घराण्यातले. मूळ गाव अंदमानापासून म्यानमार, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्सपर्यंत पसरलेलं. सखल जंगलात, खारफुटीच्या झाडांवरही ते सापडतं.

एवढं सांगायचं कारण पुढची सगळी निगा यातूनच निघते. जंगलात या झाडासाठी मुंग्या काय करतात? थोडं थोडं खायला घालतात, कीड हाकलतात, बी पेरतात. गॅलरीत मुंग्या नाहीत, तेव्हा ही नोकरी आपल्याला करायची आहे, आणि मुंगीच्याच मापाने. मी पहिलं झाड मारलं ते उपाशी ठेवून नव्हे, लाड करून.

कोणतं झाड आणावं

नवशिक्याने हायड्नोफायटम फॉर्मिकेरमच घ्यावं. याचा भाऊबंद मिर्मेकोडिया दिसायला जास्त देखणा, गड्ड्यावर काटे असलेला, पण दमट हवेचा हट्टी. आपल्या उन्हाळ्यात तो लगेच रुसतो. आधी एक उन्हाळा हायड्नोफायटमवर काढा, मग मिर्मेकोडियाकडे वळा.

पैसे कमी घालायचे असतील, किंवा हात बसवायचा असेल, तर डिस्किडिया. ही रुईच्या कुळातली वेल, पान तोडलं की पांढरा चीक येतो. हृदयासारख्या किंवा बटणासारख्या बारीक पानांचे प्रकार टांगत्या कुंडीत नर्सऱ्यांतून मिळतात. ते पोकळ गड्डे करत नाहीत. मुंग्यांना घर देणारी खरी जात डिस्किडिया मेजर. तिची काही पानं फुगून पिशवी होते आणि त्या पिशवीत वेलीचीच मुळं शिरतात. १९९५ मध्ये सारावाकातल्या या वेलींवर मोजमाप झालं, तेव्हा पानातल्या कार्बनपैकी ३९ टक्के मुंग्यांच्या श्वासातून आणि नायट्रोजनपैकी २९ टक्के त्यांच्या कचऱ्यातून आल्याचं दिसलं. मुंगीचा उच्छ्वाससुद्धा वाया घालवायचा नाही, असा हिशोबी संसार. डिस्किडिया काडी लावून सहज येते. पेराखाली कापायची, चीक सुकू द्यायचा, ओल्या काथ्यावर ठेवायची, एवढंच.

रोप घेताना तीन गोष्टी बघा. गड्डा अंगठ्याने हलका दाबा. कच्च्या बटाट्यासारखा घट्ट लागला पाहिजे. कुठं दबला तर ते रोप कितीही स्वस्त असू दे, ठेवून या. दुसरं, पानांच्या बेचक्यात आणि भोकांच्या तोंडाशी कापसासारखं पांढरं काही आहे का. तिसरं, ते बीचं रोप आहे की काडीचं, हे विचारा. गड्डा फुगतो तो बीतून आलेल्या रोपाच्या पहिल्या देठातून. फांदीची काडी जगली तरी तसा डौलदार गड्डा बहुधा धरत नाही.

परदेशातून रोप किंवा बी पाकिटात मागवायचा मोह होतो. करू नका. त्याला आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, तसा २००३ चा वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेश आहे. शिवाय देशात बीपासून वाढवलेली रोपं मिळतात.

काळी माती विसरा

माझं पहिलं झाड मी आमच्या मळ्यातल्या काळ्या मातीत, वर चांगलं कुजलेलं शेणखत घालून, गड्डा अर्धा पुरून लावलं. ज्या मातीत ऊस दहा-बारा फूट जातो तिच्यात एवढंसं झाड जगणार नाही? जुलैत सहा दिवस झड लागली. सातव्या दिवशी पानं पिवळी पडली. गड्ड्याला बोट लावलं तर साल बोटाबरोबर आली आणि खालून आंबूस वासाचं पाणी.

या झाडाच्या मुळांना पाण्यापेक्षा हवा जास्त लागते. ती सालीवर उघडी वाढणारी मुळं आहेत, मातीत गुदमरतात. सांगली-मिरजेत सहज मिळणाऱ्या वस्तूंतून मी जे मिश्रण करतो ते असं:

- नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, दोन वाट्या
- लोणारी कोळसा फोडून, सुपारीएवढा, एक वाटी
- भाजक्या विटेचे तेवढेच तुकडे, एक वाटी
- कोकोपीट, अर्धी वाटी
- गांडूळखत, मूठभर, त्याहून जास्त नाही

सोडणाचे तुकडे आणि कोकोपीट दोन दिवस भिजत घालून पाणी दोन-तीनदा बदला. नारळाच्या काथ्यात मीठ असतं, पहिलं पाणी चहासारखं तांबडं निघतं. विटेचे तुकडे धुऊन भुकटी काढून टाका. ऑर्किडसाठी पाइनची साल मिळत असेल तर सोडणाऐवजी तीही उत्तम. मिश्रण कुंडीत भरून वरून तांब्याभर पाणी ओता: चार-पाच सेकंदांत खालून धार लागली पाहिजे. लागली नाही तर कोकोपीट कमी करा.

कुंडी मातीची, उथळ, बुडाला तीन-चार भोकं. गड्ड्यापेक्षा दोन बोटं रुंद पुरे. मोठी कुंडी म्हणजे मोठं घर असं या झाडाला वाटत नाही. त्याचं घर त्याच्या पोटात आहे. मला स्वतःला करवंटी आवडते. नारळाची अर्धी करवंटी, गरम खिळ्याने बुडाला पाच भोकं, काठाला तीन, सुतळीने टांगलेली. लहान रोपं त्यात फार छान वाढतात आणि फुकटात.

लावणी

ही जूनच्या शेवटी करा, हवा ओलसर झाल्यावर. जुन्या कुंडीतून रोप काढताना मुळं ओढू नका, ती बारीक आणि तुटकी असतात. चिकटलेला काथ्या तसाच राहू द्या. आता महत्त्वाचं: गड्डा मिश्रणावर बसवायचा, मिश्रणात नाही. देव पाटावर मांडतो तसा. मुळं तेवढी खाली, गड्ड्याचा तळ जेमतेम टेकलेला. हलत असेल तर दोन्ही बाजूंना विटेचे तुकडे लावून टेका द्या. एकही भोक झाकलं जाता कामा नये. लावल्यावर तीन दिवस पाणी नाही, सावलीत. चौथ्या दिवशी पहिलं पाणी.

आंब्याच्या फांदीवर बांधायची हौस असेल तर सांगलीत उघड्यावर मी सल्ला देणार नाही. मार्चनंतर हवा एवढी कोरडी होते की दिवसातून दोनदा पाणी मारावं लागतं. कोयनेकडे, पाटणच्या वरच्या अंगाला घर असलेल्यांनी जरूर करावं. तिथं फांदीच्या खरखरीत सालीवर मूठभर मॉस ठेवून जुन्या पायमोज्याच्या पट्टीने रोप बांधलं की वर्षात मुळं धरतात.

जागा

पूर्वेची गॅलरी असेल तर निम्मं काम झालं. सकाळचं नऊ-साडेनऊपर्यंतचं ऊन अंगावर, मग उजेड भरपूर पण ऊन नाही. पश्चिमेची गॅलरी असेल तर ५० टक्क्यांचं शेडनेट लावा, फेब्रुवारीच्या शेवटापासून दुहेरी करा. अंधाऱ्या हॉलमध्ये शोभेला ठेवलं तर गड्डा तसाच राहतो आणि फांद्या तेवढ्या लांबुळक्या होत उजेडाकडे पळतात.

उन्हाळ्यात आमच्याकडे या झाडाची जागा ठरलेली आहे: माठाशेजारी. गॅलरीत माठ असतोच, तो पाझरतो, त्याच्या आसपासची हवा दोन-चार अंशांनी गार आणि ओलसर. मी माठाच्या दोन्ही बाजूंना झाडं मांडतो आणि कठड्याला ओलं गोणपाट टांगतो. गोणपाट सकाळी अकराला आणि दुपारी तीनला भिजवायचं. दुसरं झाड मेलं त्या उन्हाळ्यात आम्ही चार दिवस लग्नाला गेलो होतो. खिडकीच्या पत्र्याला टेकून ठेवलेलं झाड आलो तेव्हा एका बाजूने भाजून निघालेलं. पत्रा आणि सिमेंटचा कठडा यांच्यापासून हातभर लांब ठेवा. भाजण्याचं खरं कारण हवा नव्हती, तो तापलेला पत्रा होता.

थंडीचा आपल्याकडे फारसा प्रश्न नाही. पारा १२ च्या खाली जाऊ लागला तर रात्री आत घ्या. महाबळेश्वर-पाचगणीकरांनी डिसेंबर-जानेवारी घरातच काढावा.

पाणी, आणि आमचं बोअर

कृष्णाकाठची क्षारपड जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना बोअरच्या पाण्याबद्दल सांगायला नको. आमच्या बोअरचं पाणी टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर, ९०० च्या पुढे जातं. मोगरा, जास्वंद ते निमूट पितात. हायड्नोफायटमच्या पानांच्या कडा मात्र दोन महिन्यांत करपल्या आणि कुंडीच्या कडेला पांढरी खपली धरली. मीटर नसेल तर ही खपलीच मीटर समजा.

पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं. पहिले दोन पाऊस गच्ची धुऊन जाऊ द्या, मग पन्हाळीखाली पिंप लावा, तोंडाला दुहेरी कापड बांधा म्हणजे डास होणार नाहीत. पन्नास लिटरचं एक पिंप पाच-सहा झाडांना उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पुरतं. ते संपलं की आरओ फिल्टरचं शुद्ध पाणी किंवा एसीतून ठिबकणारं पाणी. फिल्टरचं वाया जाणारं पाणी मात्र अजिबात नको, सगळे क्षार त्यातच साठलेले असतात.

किती घालायचं? वारावर जाऊ नका. कुंडी उचलून बघा. पाणी दिल्यावर उचला, ते वजन हाताला लक्षात ठेवू द्या; पुढं हलकी लागली की दोन दिवस थांबा आणि मग घाला. साधारणपणे पावसाळ्यात आडोशाला असलेल्या झाडाला आठवड्यातून एकदा, हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी सकाळच्या उन्हात, उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी आणि शिवाय रोज संध्याकाळी पानांवर फवारा. गड्ड्यात पाणी साठलेलं असतं, त्यामुळे चार दिवस उशीर झाला तर झाड मरत नाही. एक दिवस लवकर घातलं तर मरू शकतं. सालीवर बारीक सुरकुत्या दिसल्या तर तहान. अंग मऊ लागलं तर कूज. दोन्हींत पानं मलूल दिसतात, म्हणून पान बघून पाणी घालू नका, गड्डा दाबून बघा.

भोकांतून आत पाणी ओतू नका. मीही केलं होतं हे, मुंग्यांच्या घरात पाहुणचार म्हणून. आत राबता नसेल तर ते साचून कुजतं.

कूज थोडी असेल तर वाचवता येते. पातं स्पिरिटने पुसून मऊ भाग पांढरा, कोरडा गर लागेपर्यंत कापून काढायचा, जखमेवर हळद दाबून बसवायची आणि आठवडाभर पाणी तोडायचं. हळद मी आईच्या डब्यातलीच घेतो.

खत

आप्पांना हे पटवायला सगळ्यात जड गेलं. द्राक्षबागायतदार माणूस, डोस कमी सांगितला की त्यांना माझी कीव येते. १९:१९:१९ हे विद्राव्य खत चालतं, पण लिटरला पाव ग्रॅम. दोन बोटांच्या चिमटीत धरलेलं मीठ असतं ना, तेवढं. मार्च ते ऑक्टोबर महिन्यातून एकदा, आधी साधं पाणी देऊन मग हे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंद. मुंग्या रोज एखाददुसरी तंगडी, एखादा पंख आणून टाकतात, पोतं ओतत नाहीत. शेणखत, कोंबडखत, पेंड यांच्यापासून हे झाड लांब ठेवा. जास्त खाल्लं की पानं मोठी, काळपट हिरवी होतात आणि गड्डा भेगाळतो.

मग मुंग्या येऊ द्यायच्या का?

हे सगळे विचारतात. माझं उत्तर: बोलवू नका, आल्या तर लगेच हाकलू नका, पण कशासाठी आल्यात ते बघा.

जंगलात या झाडांत राहणाऱ्या फिलिड्रिससारख्या मुंग्या आपल्याकडच्या गॅलरीत नाहीत. साखर ओतून बोलावलेल्या मुंग्या साखर नेतात आणि घरात वाट करतात. पावसाळ्यात घरच्या बारीक मुंग्या कधी भोकांत मुक्काम करतात, पाऊस संपला की जातात. त्यांनी झाडाचं काही बिघडत नाही, झालं तर दोन घास मिळतात.

पण गॅलरीतल्या मुंग्या बऱ्याचदा मिलीबगच्या, म्हणजे कापसासारख्या पांढऱ्या, रस शोषणाऱ्या किडीच्या, मागे आलेल्या असतात. मिलीबगचा गोड चिकटा त्यांना हवा असतो, त्यासाठी त्या त्याची राखण करतात. द्राक्षवाल्यांना हे पाठ आहे. हायड्नोफायटममध्ये याचा त्रास दुप्पट, कारण मिलीबगला लपायला आत आयता वाडा मिळतो. वरून पुसून काढाल आणि पंधरा दिवसांत पुन्हा पेव फुटेल. म्हणून दर रविवारी भिंगाने भोकांची तोंडं बघा. पांढरं दिसलं की कानकाडी सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून जेवढी आत जाईल तेवढी फिरवा, पानांच्या बेचक्यांतही. तीन-तीन दिवसांनी चार वेळा. बाहेरून कडुनिंबाचं तेल, लिटरला पाच मिली, साबणाच्या दोन थेंबांसह, संध्याकाळीच. बागेतली औषधं घरच्या गॅलरीत आणू नका. माठ तिथंच आहे.

तोवर मुंग्यांची वाट तोडायला कुंडीचा स्टँड पाण्याच्या परातीत ठेवा. परातीतलं पाणी उन्हाळ्यात हवेला ओलही देतं. आईची हळदीची रेघ आता स्टँडच्या चारी पायांभोवती असते, परात असूनही.

अजून एक. गड्ड्याचा काढा शुगरला चालतो का, असं मला आतापर्यंत दोन नातेवाइकांनी विचारलंय. इंडोनेशियात मिर्मेकोडियाची पूड 'सारांग सेमुत', म्हणजे मुंग्यांचं घरटं, या नावाने औषध म्हणून विकली जाते, तिथून ही हवा आली असावी. माझ्या कुंडीतलं झाड कोणाच्या पोटात जाणार नाही आणि तुमच्याही जाऊ देऊ नका. गोळी डॉक्टरांचीच घ्यावी.

बी: इथं घाई करू नका

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फांद्यांच्या पेरांवर तांदळाच्या कणीएवढी पांढरी फुलं येतात. चार पाकळ्या, वास नाही, बऱ्याचदा लक्षातही येत नाहीत. माझ्याकडे एकट्या झाडावर, कोणी हात न लावता, फळं धरली. फळ हिरव्याचं शेंदरी होतं, साधारण तुरीच्या दाण्याएवढं. पूर्ण शेंदरी होऊन बोटाच्या धक्क्याने सुटेल तेव्हाच घ्या.

फळ चिमटीत दाबलं की दोन बिया बाहेर येतात, चिकट गरात लपेटलेल्या. बोटाला अशा चिकटतात की झटकून पडत नाहीत. बांडगुळाचं बीही असंच चिकट असतं, ते फुलटोच्या पक्षी फांदीला पुसून जातो. इथं पक्षी आणि मुंग्या दोघंही काम करतात. फिजी बेटांवर तर याच गटातल्या स्क्वामेलॅरियाच्या सहा जातींची एक मुंगी चक्क शेती करते: बी सालीच्या भेगेत नेऊन ठेवते, राखण करते, रोपाचा गड्डा नखाएवढा असतानाच आत शिरून विष्ठेचं खत देते. २०१६ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं, आणि ही शेती सुमारे तीस लाख वर्षं जुनी असावी असा त्यात अंदाज आहे. आपण शेतकरी म्हणून परवा आलो.

तर मुंगीसारखं पेरा. बी वाळवून डबीत ठेवायचं नाही, त्याच दिवशी लावायचं. मिठाईचा पारदर्शक झाकणाचा डबा घ्या, बुडाला सुईने भोकं पाडा. दोन बोटं धुतलेलं कोकोपीट, वर बारीक चिरलेल्या मॉसचा पातळ थर. सगळं ओलं, पण मुठीत दाबलं तर पाणी गळणार नाही एवढंच. बी चिमट्याने वर नुसतं ठेवा, एकमेकांपासून दोन बोटं अंतरावर. पुरू नका, झाकू नका. त्याला उजेड हवा. झाकण लावून डबा उजेडात, उन्हात नाही. रोज सकाळी चहा होईपर्यंत झाकण उघडं ठेवा, म्हणजे बुरशी धरत नाही. पाणी वरून नाही, डबा पाच मिनिटं परातीत बुडवून खालून.

जून ते सप्टेंबरात दोन-तीन आठवड्यांत कोंब येतो. दोन गोल पानं उघडतात आणि त्यांच्याखालचा देठ फुगायला लागतो, आधी मोहरी, मग मूग. महिन्या-दोन महिन्यांत वाटाणा होईल असं वाटतं आणि मग झाड थांबतं. माझी रोपं नोव्हेंबर ते फेब्रुवारी होती तेवढीच राहिली. मेली असं समजून टाकू नका. याच काळात मी पहिल्या खेपेला खत वाढवलं आणि सात रोपं घालवली. खऱ्या पानांच्या दोन जोड्या झाल्यावर, म्हणजे पुढच्या जूनमध्ये, करवंटीत हलवा. डब्यातून थेट उघड्यावर नको. दहा दिवस झाकण रोज थोडं थोडं जास्त उघडत न्या.

चौदाव्या महिन्यात एका रोपाच्या तळाशी, सुपारीएवढ्या गड्ड्याला, खसखशीएवढा काळा ठिपका दिसला. कीड म्हणून मी काडीने खरवडायला गेलो, तर काडीचं टोक आत गेलं. आईला चष्मा लावून दाखवलं. "दार आलं की," ती म्हणाली.

हे भोक दिसलं की रोप सुटं झालं असं धरा. त्यानंतर पहिलं पाव ग्रॅमचं खत द्या, सकाळच्या उन्हात हलवा, आणि कोणाला द्यायचं असेल तर आता द्या. आप्पांनी दोन नेलीत. काळ्या मातीत लावली नाहीत ना, हे बघायला मी रविवारी जाऊन आलो.